रणगाड्याखालची जमीन

दिवाळीचा किल्ला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेला आहे. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचायच्या, त्यावर जुने पोते टाकायचे, चिखल लिंपायचा आणि अळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवायची वाट बघायची. वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे. त्यातला एखादा मावळा बुरुजाएवढा उंच आणि शेजारची गवळण त्याच्याहूनही उंच. पण त्याचे कुणाला काही वाटत नाही. तो किल्ला हौसेचा असतो, मोजमापाचा नसतो.

आज ज्या देखाव्याविषयी सांगणार आहे तो या किल्ल्याचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की हा मोजमापाचा आहे. एखाद्या खऱ्या वाहनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती घ्यायची आणि ती ज्या जमिनीवर उभी होती त्या जमिनीचा तुकडा त्याच प्रमाणात तयार करून त्यावर ती ठेवायची. याला डायोरामा म्हणतात. हा शब्द १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर आणि बूतों या दोघांनी काढलेल्या चित्रदर्शनाच्या खेळामुळे रूढ झाला. आपल्याकडे गणपतीपुढच्या आराशीला आपण ‘देखावा’ म्हणतो, तोच शब्द इथेही चांगला चालतो.

रणगाड्याची प्रतिकृती करायला मुले एका पायावर तयार असतात. पुठ्ठ्याची, लाकडाची, नाहीतर बाजारात मिळणारी प्लास्टिकची जोडणी आणून ती मन लावून करतात. तोफ हलली पाहिजे, चाके फिरली पाहिजेत. मग शेवटच्या दिवशी एका फळीला हिरवा कागद चिकटवला जातो आणि त्यावर रणगाडा ठेवला जातो. जमीन म्हणजे जणू पंगतीतली पत्रावळ. जेवण महत्त्वाचे, पत्रावळीकडे कोण बघतो?

माझेही असेच झाले होते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मुलांनी तालुक्याच्या प्रदर्शनात १९६५ च्या लढाईतला पॅटन रणगाडा मांडला. रणगाडा सुरेख होता. खाली हिरवा कागद, चार प्लास्टिकची झाडे, आणि पाटी: ‘असल उत्तर येथे फसलेला पॅटन’. गावातले एक निवृत्त हवालदार, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, काठी टेकत आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, “गुरुजी, ह्याचं पेट्रोल संपलं का?”

मला कळेना. मी म्हटलं, “नाही आबा, फसलाय तो.”

“कशात फसलाय? मला तर डांबरी सडकेवर उभा दिसतोय.”

पोरे हसली. मी काही हसलो नाही, कारण आबांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. त्या लढाईत अर्धे काम जमिनीने केले होते आणि आम्ही नेमकी जमीनच करायची विसरलो होतो. पुढच्या वर्षी आम्ही तोच रणगाडा ठेवला, पण त्याच्याखालची जमीन नव्याने केली. ती कशी केली आणि त्यात काय काय चुकले, तेच आज सांगतो.

आधी लढाईची हकीकत थोडक्यात. सप्टेंबर १९६५. पंजाबात तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यात सरहद्दीजवळ खेमकरण हे गाव पाकिस्तानी फौजेने घेतले आणि त्यांचे रणगाडे उत्तरेकडे निघाले. वाटेत असल उत्तर हे गाव लागते. तिथे मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या पर्वतीय डिव्हिजनने घोड्याच्या नालेसारखी अर्धवर्तुळाकार फळी धरली. आजूबाजूला उसाची शेते. त्या शेतांत कालव्याचे पाणी सोडून जमीन चिखल करून टाकली. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन रणगाडे त्या नालेच्या पोटात शिरत गेले. उसात दिसेना, चिखलात वळता येईना, आणि उसाआड दडलेल्या आपल्या तोफा व रणगाडे त्यांना टिपत राहिले. भारतीय मोजणीप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. हाती लागलेले रणगाडे भिखीविंड इथे ओळीने मांडून ठेवले होते. त्या जागेला लोकांनी ‘पॅटननगर’ असे नाव दिले. याच लढाईत चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आता ज्या शिक्षकांना हे वर्गात करायचे आहे त्यांनी कात्री-गोंद हातात घेण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा. हे वाहन इथे का उभे आहे? चालले आहे, थांबले आहे, की अडकले आहे? कुठून आले? आणखी चार पावले पुढे गेले असते तर काय झाले असते? याचे उत्तर मुलांना एका वाक्यात देता आले की जमीन कशी करायची ते आपोआप ठरते. आमचे वाक्य असे होते: रणगाडा उसात शिरला, पाणी भरलेल्या वाफ्यात आला, वळायला गेला आणि पोटावर बसला.

मग मोजमाप. सैनिकी वाहनांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण फार चालते. या आकड्याची गंमत सांगण्यासारखी आहे. १९६१ च्या सुमारास जपानमधल्या तामिया कंपनीने एक जर्मन रणगाडा बाजारात आणला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, म्हणून जेवढा मोठा करावा लागला तेवढा केला. नंतर मोजले तेव्हा तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. तेव्हापासून पस्तीस हा आकडा जगभर रूढ झाला. शाळेच्या दृष्टीने तो बरा आहे. फार लहान नाही की बारीक हातांना जमू नये, आणि फार मोठा नाही की टेबलावर मावू नये. शिवाय पस्तिसाने भागायचा सराव होतो तो वेगळाच.

एम-४८ पॅटनची रुंदी सुमारे ३.६५ मीटर, पस्तिसाने भागले की साडेदहा सेंटीमीटरच्या आत-बाहेर. तोफेसकट लांबी सुमारे ९.३ मीटर, म्हणजे साडेसव्वीस सेंटीमीटर. पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटीमीटरचा होतो. आता फळी ४० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद घेतली, तर ती खऱ्या जगातली किती जमीन झाली? १४ मीटर गुणिले साडेदहा मीटर. शेतकरी मंडळी लगेच सांगतील, जवळजवळ दीड गुंठा. हे गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवले आणि वर्गातला गोंगाट एकदम थांबला. कारण त्याआधी त्यांचा बेत असा होता की त्याच फळीवर तीन रणगाडे, अब्दुल हमीद यांची जीप, कालवा, पूल आणि असल उत्तर गावही दाखवायचे. दीड गुंठ्यात गाव कुठले बसायला!

जीप आणि रणगाडा एका फळीवर ठेवायचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा. शंभर मीटरांवरून नेम धरला असे मानले तरी १:३५ प्रमाणात ते अंतर पावणेतीन मीटरांहून जास्त होते. म्हणजे रणगाडा फळ्याजवळ ठेवला तर जीप पार वर्गाच्या दाराकडे जाते. आम्ही तसेच केले. दोन वेगळे देखावे, दोन बाके, आणि मध्ये मोकळी जमीन. बघणारा एकाकडून दुसऱ्याकडे चालत जातो तेव्हा त्याला अंतर आपोआप समजते. चित्रात जीप आणि रणगाडा शेजारीशेजारी बघून मुलांना वाटत असते की ही जवळजवळ कुस्तीच होती.

आता मुख्य गोष्ट, चिखल. पॅटनचे वजन सुमारे ४५ टन. एवढे धूड चिखलात बुडणारच, असे आपण म्हणतो. पण हिशेब करून बघा. त्याचा एकेक पट्टा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद आणि जवळजवळ चार मीटर जमिनीला टेकलेला. दोन पट्टे मिळून पावणेसहा चौरस मीटरांच्या आसपास जागा होते. ४५ टन त्यावर वाटले तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.८ किलो भार येतो. आपल्या बैलाच्या खुराखाली उभ्या उभ्याच याच्या जवळजवळ दुप्पट भार असतो! मग बैल चिखलातून निघतो आणि रणगाडा का बसतो?

बैलाचे खूर लहान. ते चार बोटे खाली जाते, नांगरटीच्या थराखालच्या घट्ट जमिनीला टेकते आणि बैल पाय सरळ वर उपसून घेतो. रणगाड्याचा भार रुंद जागेवर असतो, त्यामुळे तो खोलवरच्या मातीपर्यंत पोचतो, आणि दिवसभर पाणी मुरले असेल तर खालची मातीही मऊ झालेली असते. शिवाय रणगाडा पाय उचलत नाही. तो पट्टा ओढतो. वळताना एक पट्टा जोरात आणि दुसरा हळू, त्यामुळे पट्टे जमिनीला आडवे घासतात आणि ओली माती चिरत जातात. असे करता करता चाकोरी खोल होते. पॅटनच्या पोटाखाली मोकळी जागा सुमारे ४२ सेंटीमीटर. चाकोरी तेवढी खोल झाली की पोट जमिनीला टेकते, वजन पट्ट्यांवरून पोटावर येते, आणि पट्टे नुसते गरगर फिरतात. चिखलात बसलेली बैलगाडी कण्यावर टेकली म्हणजे काय होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही.

तेव्हा आपल्या देखाव्यात चाकोरी किती खोल हवी? ४२ भागिले ३५, म्हणजे १.२ सेंटीमीटर. आमच्या देखाव्याची सगळी भिस्त या सव्वा सेंटीमीटरवर होती.

इथेच पहिली चूक झाली. आम्ही फळीवर मातीचा अर्धा सेंटीमीटर थर दिला आणि मग सव्वा सेंटीमीटर खोल चाकोरी पाडायला निघालो. खाली लाकूड लागले! खोल दाखवायचे तर आधी सगळे शेत उंच करावे लागते, ही साधी गोष्ट, पण ती चिखलात हात घातल्यावरच लक्षात येते. दुसऱ्या खेपेला फळीवर दोन सेंटीमीटर जाडीचा थर केला. कडेला, जिथे ऊस उभा राहणार होता तिथे, खाली थर्माकोलचे तुकडे चिकटवले; रणगाड्याच्या वाटेवर मात्र पूर्ण जाडीची माती.

फळी बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची किंवा घरचा जुना पाट. तिला वरून, खालून आणि कडांना तेलरंगाचा हात आधी द्यावा. नाहीतर ओल्या मातीने फळीला बाक येतो आणि आठ दिवसांनी देखावा झोपाळ्यासारखा डुलतो.

माती नुसती घेऊ नका. नुसती माती वाळली की भेगाळते, आणि आपली काळी माती तर हात घालता येईल एवढ्या भेगा पाडते. तीन वाटी माती, एक वाटी बारीक लाकडाचा भुसा, मूठभर कागदाचा लगदा, आणि पाण्यात पातळ केलेला सुतारकामाचा पांढरा गोंद. खळ वापरू नये. तिला झुरळे लागतात आणि आमच्या शाळेत उंदीरही लागले. माती पातळ धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करून घ्यावी. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १:३५ प्रमाणात साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो. चाळणीतून गाळलेली माती वापरली तर पंजाबचे गाळाचे शेत माळरानासारखे खडकाळ दिसते. थर अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरचे, आणि सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की वरून वाळते, आतून ओले राहते आणि तडा जातो.

रंगाचे भान ठेवावे. आपल्याला जमीन म्हटली की काळी किंवा तांबडी डोळ्यांपुढे येते. पंजाबची जमीन नद्यांच्या गाळाची. वाळली की फिकट भुरी, भिजली की गडद तपकिरी. आम्ही पिवळ्या मातीत थोडा चुना आणि किंचित काजळी मिसळून रंग साधला. कोरड्या बांधावर फिकट, पाण्याच्या कडेला गडद, आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा. एकाच रंगाने सारवून काढू नये. सारवलेले अंगण दिसते, शेत दिसत नाही.

शेवटचा थर ओला असतानाच रणगाडा चालवून घ्यायचा. त्याला खालून पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, म्हणजे माती चिकटत नाही आणि पट्ट्यांची नक्षी उठते. मागच्या कडेपासून सुरुवात करावी. आधी चाकोरी उथळ, मग जरा खोल, मग आणखी खोल, आणि वळणाच्या जागी सव्वा सेंटीमीटर. तिथे पट्टे आडवे सरकवून बाहेरच्या बाजूला मातीचा बांध चढवावा, कारण दाबलेली माती कुठेतरी गेलीच पाहिजे. रणगाड्यापुढे एकही चाकोरी नको. बघणाऱ्याने मागून पुढे नजर फिरवली की सगळी हकीकत त्याला वाचता आली पाहिजे. माती पुरती वाळल्यावर रणगाडा पुन्हा त्याच जागी बसवावा आणि पोटाखाली फट राहिली असेल तर पातळ मातीने भरावी. प्रतिकृती वजनाने हलकी असते. ती जमिनीवर तरंगल्यासारखी दिसते. ही फट भरली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

तीच माती पातळ करून चाकांना, पट्ट्यांना आणि पोटाला लावायची. वर मात्र शिंतोडेच. चिखलात रुतलेला आणि अंगाने लख्ख असा रणगाडा मी एका नामवंत प्रदर्शनात पाहिला आहे. त्याला बक्षीसही होते. असो.

ऊस करणे हे कष्टाचे काम. सप्टेंबरात पंजाबातला ऊस दोन-सव्वादोन मीटर उंच धरला तर आपल्याला सहा-साडेसहा सेंटीमीटर उंचीच्या काड्या हव्यात. उसाची जाडी दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे इथे पाऊण मिलिमीटरच्या आत. खराट्याची काडी फार जाड होते. फुलझाडूच्या तुऱ्यातल्या बारीक काड्या बरोबर बसतात. दोन ओळींत अडीच फुटांचे अंतर मानले तर ते सव्वादोन सेंटीमीटरला किंचित कमी भरते. रणगाड्याची वाट साडेदहा सेंटीमीटर रुंद, तेव्हा तो उसाच्या ओळींच्या दिशेने गेला तर पाच ओळी आडव्या करतो. आडवा झालेला ऊस रणगाडा ज्या दिशेने गेला त्या दिशेला पडलेला असावा, विस्कटलेला नसावा.

पाती पतंगाच्या हिरव्या कागदाची. दीड मिलिमीटर रुंद, तीन-चार सेंटीमीटर लांब, टोकाला निमुळती, आणि नखावरून ओढून वाकवलेली. प्रत्येक काडीच्या शेंड्याला पाच-सहा. खालच्या अंगाला वाळलेले पाचट. त्यासाठी वर्तमानपत्राचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की नेमका रंग येतो. अर्ध्या फळीवर दाट ऊस करायचा तर नऊशेच्या आसपास काड्या लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. वर्गात तीस मुले असली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस. आमच्याकडे हे काम मुलींनी आधी संपवले, आणि एका मुलीने विचारले, “गुरुजी, ऊस पडलाय त्याचे पैसे शेतकऱ्याला कुणी दिले?” पुस्तकात याचे उत्तर मला सापडले नव्हते. पण तिच्या प्रश्नामुळे एक गोष्ट झाली. आम्ही फळीच्या कोपऱ्यात एक बांध केला आणि बांधावर विसरून राहिलेले एक खुरपे ठेवले. पाऊण सेंटीमीटरचे, पत्र्याच्या डब्याच्या झाकणातून कापलेले. तिथे लढाईच्या आधी कुणीतरी निंदत होते.

पाणी दाखवण्यात दोन चुका होतात. एक, ते निळे करतात. शेतात सोडलेले पाणी गढूळच असते. आधी तळाला चिखलाचा गडद रंग द्यावा आणि त्यावर पारदर्शक व्हार्निशचे पातळ हात एकावर एक द्यावेत. सात-आठ हात, प्रत्येक हाताला एक दिवस. घाई केली आणि जाड थर ओतला की तो पांढुरका पडतो किंवा सुरकुततो. बाजारात ओतण्याचे रेझिन मिळते, त्याने काम लवकर होते, पण ते शिक्षकांनीच हातमोजे घालून, उघड्या खिडकीशी करावे. मुलांच्या हाती देऊ नये. दुसरी चूक म्हणजे पाण्याची पातळी. एका वाफ्यातले पाणी सगळीकडे एकाच उंचीवर असते. वाफ्यात जेवढे, चाकोरीतही तेवढेच. आमच्या मुलांनी चाकोऱ्या काठोकाठ भरल्या आणि बाहेरचा वाफा कोरडा ठेवला. गंमत अशी की घरी रोज बारे धरणाऱ्या मुलांकडूनच ही चूक झाली. हातात ब्रश आला की माणूस शेत विसरतो की काय कोण जाणे.

जीपचा देखावा लहान, पण विचार जास्त मागतो. जीप सुमारे ३.३ मीटर लांब, म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर. तिच्यावरची १०६ मिलिमीटरची तोफ ३.४ मीटर लांब, जवळजवळ जीपएवढीच. ती नेहमीच्या तोफेसारखी मागे धक्का देत नाही, कारण तिचे मागचे तोंड उघडे असते आणि स्फोटाचा वायू तिकडून बाहेर पडतो. म्हणून तर दोनशे किलोंच्या आसपास वजनाची तोफ साध्या जीपवर बसवता येते. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. गोळा सुटला की मागे आगीचा आणि धुळीचा लोट उठतो आणि जीप कुठे आहे ते शत्रूला दिसते. उडवायचे आणि लगेच जागा बदलायची, यावर जीव अवलंबून. अब्दुल हमीद यांनी तेच केले. शेवटी एका रणगाड्याशी समोरासमोर गाठ पडली आणि त्याचा गोळा जीपवर आला.

हे सगळे तीस सेंटीमीटरच्या फळीवर कसे सांगायचे? आम्ही जीपच्या मागे पिकाचा पंख्यासारखा पट्टा आडवा करून कडा करपवल्या. फळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसाच एक करपलेला पट्टा केला, पण तिथे जीप नाही. त्या रिकाम्या जागेपासून चाकांच्या दोन रेघा वळत वळत जीपपर्यंत आल्या आहेत. माणूस इथून तिथे गेला, एवढे ती जमीन सांगते. इथली माती कोरडी, फिकट. चाकोरी जेमतेम अर्धा मिलिमीटर. रणगाड्याची चाकोरी आणि जीपची चाकोरी शेजारी मांडून दाखवली की मुलांना हलके असण्याचा फायदा वेगळा सांगावा लागत नाही.

माणसे दाखवावीत की नाही, यावर आमच्यात वाद झाला. काही मुलांना रणगाड्यावर लोळलेली प्रेते हवी होती आणि वर आपला झेंडा. मी नको म्हटले. शाळेतल्या देखाव्यात मेलेला माणूस खेळण्यासारखा पडलेला मला बघवत नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो. शिवाय त्या लढाईत काही रणगाडे रुतल्यावर माणसे ते सोडून निघून गेली होती. म्हणून आमच्या रणगाड्याची वरची झाकणे उघडी आहेत, आत कुणी नाही, आणि एका बाजूने उसात शिरलेली बुटांची पावले आहेत. पाऊल आठ मिलिमीटरचे. आगपेटीच्या काडीचे टोक तासून त्याने ती उठवली.

फळीच्या कडेला एक लहान पट्टी लावावी. स्थळ, तारीख, प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण. रणगाडे दक्षिणेकडून उत्तरेकडे येत होते, तेव्हा रणगाड्याचे तोंड साधारण त्या बाणाच्या बाजूला हवे. ज्यांना खरा पॅटन पाहायचा असेल त्यांनी मुलांना घेऊन अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जावे. तिथे १९९४ साली उघडलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे आणि त्यात पॅटनही आहे. तिथे गेल्यावर तोफेकडे नंतर बघा. आधी वाकून पोटाखालची जागा बघा.

देखावा झाल्यावर त्याला काचेची पेटी जमत नसेल तर पातळ कापड तरी झाकावे. धूळ बसली की ओला चिखल कोरडा दिसू लागतो. प्रदर्शनाला नेताना फळी आडवीच धरावी; आमची एकदा एसटीच्या टपावरून गेली आणि पन्नासेक ऊस मोडले. पडलेल्या उसात ते खपून गेले म्हणून बरे.

दुसऱ्या वर्षी आबा पुन्हा आले. रणगाड्याच्या मागच्या कडेपासून बोट न टेकवता त्यांनी चाकोरीवरून हात फिरवत नेला, वळणाशी थांबले आणि म्हणाले, “हां. इथं बसला.” मग दाराकडच्या बाकावरची जीप बघितली, परत रणगाड्याकडे बघितले, आणि पोरांना म्हणाले, “ते बाक अजून दोन फरश्या मागं घ्या रे. फार जवळ आलाय.”